पाटी डोक्यावर असताना प्रार्थना

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

कामाच्या धबडग्यात म्हणता येतील अशा एका ओळीच्या ख्रिस्ती प्रार्थनांविषयी वसईपासून सावंतवाडीपर्यंतच्या वाचकांनी पत्रं पाठवली आहेत. तक्रार बहुतेकांची एकच आहे: अंगात बळ हवं आहे आणि वेळ नाही. काही पत्रं कॅथलिक घरांतली आहेत, काही प्रॉटेस्टंट, त्यामुळे उत्तरांत रोझरीही (जपमाळेच्या मण्यांवर, पाच ‘रहस्यां’त म्हणायची प्रार्थना) येईल आणि नुसतं स्तोत्रही. बायबलमधली वचनं बोलायला सोपी जावीत म्हणून आटोपशीर करून दिली आहेत. संदर्भ सोबत आहेत, घरातल्या प्रतीत काढून पाहा.

मी मासळी विकते. पहाटे बंदरावर लिलावाला, मग पाटी घेऊन बाजारात, दुपारी घरचं काम, संध्याकाळी परत बाजार. रात्री रोझरी हातात घेतली की दुसऱ्या रहस्यालाच डोळे मिटतात. दिवसा थोडं थोडं म्हणावं असं वाटतं, पण सुरुवात कुठून करू? — मालवण तालुका

आधी एकच वाक्य निवडा. पाटी डोक्यावर घेऊन घाटी चढताना, धाप लागलेली असतानाही ते एका उच्छ्वासात पुरं झालं पाहिजे. म्हणजे साधारण सात ते बारा अक्षरं. ‘प्रभू, मला वाचव’ (मत्तय 14:30) सात अक्षरांचं आहे, ‘देवा, माझ्या साहाय्याला धाव’ (स्तोत्र 70:1) दहा अक्षरांचं, ‘प्रभू येशू, माझ्यावर दया कर’ (लूक 18:38 च्या आधाराने) बारा अक्षरांचं. याहून लांब वाक्य घेतलं की चढावर ते मध्येच तुटतं, आणि तुटलेलं वाक्य दोन-चार दिवसांत आपोआप सुटतं.

निवडलेलं वाक्य घड्याळाला बांधू नका, हातातल्या कामाला बांधा. सकाळी आठ वाजता म्हणेन असं ठरवलं, तर आठ वाजता तुम्ही गिऱ्हाइकाशी सुरमईचा भाव करत असणार. पाटी मात्र रोज उचलावीच लागते. ती उचलण्याआधी, खाली वाकलेल्या अवस्थेत, एकदा म्हणा. डोक्यावर बसली की पहिल्या दहा पावलांत पुन्हा एकदा म्हणा. पहिला आठवडा एवढंच करायचं. दुसऱ्या आठवड्यात घरी आल्यावर हात धुण्याची वेळ जोडा: साबण लावून हात चोळायला वीसेक सेकंद जातात, तेवढ्यात वाक्य तीनदा सावकाश होतं. तिसऱ्या आठवड्यात बाजारात बसल्यावर पहिला वाटा लावताना. दिवसाला तीन खुणा पुष्कळ झाल्या.

खूण निवडताना लोक दोन ठिकाणी फसतात. एक म्हणजे पैसे मोजण्याचं काम धरतात. तिथे तोंडात आकडे असतात, वाक्य शिरलं की हिशेब चुकतो, मग चिडचिड होते. तोंड मोकळं आणि हात गुंतलेले असतील असंच काम घ्या. दुसरी चूक उत्साहाची: पहिल्याच दिवशी दहा खुणा धरायच्या. सोमवारी दहा, बुधवारी चार, शनिवारी एकही नाही, आणि रविवारी मिस्सात (कॅथलिक चर्चमधल्या मुख्य उपासनेत) मन खट्टू. एखादी खूण चुकली तर चुकली. तिची थकबाकी रात्री भरत बसायचं नाही.

बळ मागतानाही अख्ख्या दिवसाचं एकदम मागू नका. पुढच्या कामापुरतं मागा: हा चढ, हा लिलाव, हे एक गिऱ्हाईक. इस्राएल लोकांना रानात देवाने दिलेलं अन्न, मान्ना, रोजचा रोज मिळत होता. काहींनी तो सकाळसाठी राखून ठेवला तर त्यात किडे पडले (निर्गम 16:20). प्रभूच्या प्रार्थनेतही आपण आजचीच भाकर मागतो. हे लक्षात असलं की ‘आज दिवसभर कसं निभेल’ या धास्तीतच जी निम्मी ताकद जाते ती वाचते.

आणि रोझरीत झोप लागण्याबद्दल फार मनाला लावून घेऊ नका. पहाटेपासून उभ्या असलेल्या बाईला रात्री दहाला झोप येणारच. पाचही रहस्यं रात्रीच व्हायला हवीत असं कुठे आहे? एक दुपारी जेवायच्या आधी बसून करा, बाकीची जमतील तशी.

आमच्या ट्रॉलरवर सहा खलाशी आहेत, दोघंच ख्रिस्ती. जाळं ओढताना प्रार्थना म्हटली तर चालेल का? वारा सुटला की मी मनातल्या मनात म्हणतोच. — तांडेल, देवगड

विंच (जाळ्याचा दोर ओढणारं यंत्र) चालू असताना म्हणू नका. त्या वेळी डोळे दोरावर आणि कान साथीदाराच्या हाकेवर हवेत. मनगटात जपमाळ गुंडाळून विंचजवळ तर अजिबात जाऊ नये. मणी दोरात अडकले तर दोरा तुटायच्या आधी हात आत जातो. जपमाळ केबिनमध्ये ठेवा. प्रार्थनेच्या तुमच्या जागा तीन: इंजिन सुरू करण्याआधी, बंदराच्या तोंडातून बाहेर पडताना, आणि जाळं पूर्ण वर आल्यावर. रात्री एकट्याने पहारा असेल तेव्हा चौफेर दिवे पाहून घेण्याची जी फेरी असते, तिच्या शेवटी एकदा. झापड येऊ लागली तर मात्र प्रार्थनेवर भिस्त न ठेवता दुसऱ्या खलाशाला उठवा.

वाऱ्यात काय म्हणायचं ते गालील सरोवरावरच्या कोळ्यांनी आधीच म्हणून ठेवलं आहे. पेत्र पाण्यावरून चालत निघाला, वारा पाहून भ्याला, बुडू लागला आणि ओरडला, ‘प्रभू, मला वाचव.’ बुडत्या माणसाला याहून लांब काही म्हणायला सवड नसते. येशूने तत्काळ हात पुढे केला. तू का शंका धरलीस, हे त्याने हात धरल्यावर विचारलं (मत्तय 14:31). दुसऱ्या वादळात शिष्यांनी झोपलेल्या येशूला उठवून जे म्हटलं त्यात तर आर्जवही नाही. आम्ही बुडतोय, तुम्हाला काहीच वाटत नाही का, असं ते विचारतात (मार्क 4:38). असलं रोखठोक बोलणंही प्रार्थनाच आहे. ते शुभवर्तमानात जसंच्या तसं ठेवलं आहे.

हवामान खात्याचा इशारा असताना बंदर सोडायचं आणि मग ‘वाचव’ म्हणायचं, याला मात्र आमचा पाठिंबा नाही. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असं सैतानाने सुचवलं तेव्हा येशूने उडी टाकली नाही (मत्तय 4:5-7). लाईफ जॅकेट अंगावर, वायरलेस चालू, मग प्रार्थना.

बाकीचे खलाशी दर्याला नारळ देत असतील तर देऊ द्या. तुम्ही दोघं आपलं वाक्य हळू आवाजात म्हणा. बोटीवर भक्तीची चढाओढ नको.

आम्ही चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, म्हणजे प्रॉटेस्टंट. सासूबाई म्हणतात, तेच तेच वाक्य पुन्हा म्हणणं म्हणजे येशूने मना केलेली बडबड. शेजारच्या काकू म्हणतात, हा तर आमचा नामजपच झाला. मी कोणाचं ऐकू? — रत्नागिरी

सासूबाईंच्या मनात मत्तय 6:7 आहे. तिथे येशू म्हणतो की, पुष्कळ बोलल्याने आपलं ऐकलं जाईल असं विदेश्यांना वाटतं, तशी निरर्थक बडबड करू नका. बोट ठेवायचं ते ‘पुष्कळ बोलल्याने’ यावर. देवाला शब्दांच्या ढिगाने वळवता येतं ही समजूत तिथे खोडून काढली आहे. एकदाच पण अर्धा तास लांबवलेली प्रार्थनाही त्या बडबडीत बसू शकते. गेथशेमाने बागेत खुद्द येशूने तिसऱ्या वेळी तेच शब्द म्हणून प्रार्थना केली (मत्तय 26:44). स्तोत्र 136 उघडून सासूबाईंपुढे ठेवा: 26 ओव्या, आणि प्रत्येकीच्या शेवटी देवाची दया सनातन असल्याचं तेच पालुपद. यरीहोच्या रस्त्यावरच्या आंधळ्या बार्तीमयाला लोकांनी गप्प बसवलं तेव्हा त्याने तेच वाक्य अधिक मोठ्याने म्हटलं (मार्क 10:48), आणि येशू थांबला.

काकूंचंही अगदीच खोटं नाही. एक नाव तोंडात रुळू देण्याची सवय आपल्या मराठी मुलखाच्या अंगवळणी आहे आणि ती आपल्याकडच्या ख्रिस्ती माणसाला परकी वाटायचं कारण नाही. नारायण वामन टिळक रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते मानत, आणि ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी अभंगच लिहिले. फरक कुणाला हाक मारतोय यात आहे, आणि आणखी एका गोष्टीत: आपल्या लहान प्रार्थनेत संख्येला महत्त्व नाही. एकशे आठ झाले की फळ, असा हिशेब इथे लावायचा नाही. मोजायला लागलात की सासूबाईंचा आक्षेप खरा ठरू लागेल.

काजूच्या कारखान्यात सोलणीला बसते. हाताला काम तेच तेच, म्हणून प्रार्थनेला सोपं जाईल असं वाटलं. पण तोंड चालतं आणि मन घरच्या कर्जावर. मग म्हणण्यात अर्थ काय? — वेंगुर्ला

ही अडचण दीड हजार वर्षांहून जुनी आहे. साधारण 412 साली संत ऑगस्टीन यांनी प्रोबा नावाच्या विधवेला प्रार्थनेविषयी एक लांब पत्र लिहिलं. त्यात ते इजिप्तच्या मठवासी बंधूंचा दाखला देतात: त्यांच्या प्रार्थना वारंवार पण अगदी आखूड असत, कारण लांबवली की मनाची धार बोथट होते. लक्ष टिकत नसेल तर ते ताणू नये, टिकत असेल तर लगेच तोडूही नये, असा त्यांचा सल्ला. तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा: तीन तास सलग वाक्य घोळवू नका. ट्रेमधली एक खेप संपली की एकदा म्हणा आणि गप्प व्हा. पुढची खेप संपेपर्यंत मन कर्जावर गेलं तर जाऊ दे.

कर्जाला प्रार्थनेतला अडथळा समजू नका. तेच प्रार्थनेत घाला. पाचव्या शतकात जॉन कॅसियन या मठवासीयाने इजिप्तच्या आब्बा (मठातले गुरू) इसहाकाची शिकवण लिहून ठेवली. इसहाकाचं म्हणणं, स्तोत्र 70 ची पहिली ओळ, ‘देवा, माझ्या साहाय्याला धाव’, सगळ्या प्रसंगांना पुरते: भूक लागली तरी, जेवण घशाखाली उतरत नसलं तरी, वाचायला बसल्यावर पेंग आली, डोकं दुखलं, राग आला, गर्व चढला तरी. त्याने प्रसंगागणिक वेगळी प्रार्थना दिली नाही. वाक्य एकच ठेवलं आणि प्रसंग बदलू दिले. त्याच ओळीने आजही चर्चच्या दैनिक प्रार्थनेची सुरुवात होते. कर्ज आठवलं की ‘देवा, माझ्या साहाय्याला धाव’, आणि त्या वेळी ‘साहाय्य’ म्हणजे हप्ता. एवढं ध्यान पुरे.

तरीही महिन्या-दोन महिन्यांनी वाक्य गुळगुळीत होतं, हे खरं आहे. त्यावर चांगला उपाय म्हणजे चर्चच्या वर्षाबरोबर ते बदलणं. नाताळआधीच्या आगमन काळात ‘ये, प्रभू येशू’ (प्रकटीकरण 22:20). ईस्टरआधीच्या उपवासकाळात जकातदाराचं ‘देवा, मज पाप्यावर दया कर’ (लूक 18:13). ईस्टरपासूनच्या पुनरुत्थानकाळात थोमाचं ‘माझ्या प्रभू, माझ्या देवा’ (योहान 20:28). उरलेल्या दिवसांत कॅसियनची ओळ. वर्षाला चार वाक्यं. दर आठवड्याला नवं घेणाऱ्यांचं एकही वाक्य जिभेवर मुरत नाही, आणि खरी निकड येते तेव्हा कोणतंच आठवत नाही.

गाडीत रोज सुट्या पैशांवरून भांडण. घरी येईपर्यंत डोकं तापलेलं. — एस.टी. कंडक्टर, राजापूर

‘प्रभू, ओठांवर पहारा ठेव’ (स्तोत्र 141:3). वाक्य उत्तराच्या आधी आलं पाहिजे, नंतर नाही. प्रवाशाचं बोलणं संपलं की श्वास पुरता सोडा, त्या सोडण्यात वाक्य मनात म्हणा, मग बोला. दीड-दोन सेकंद जातात, गाडीला उशीर होत नाही. मोठ्याने म्हणू नका. समोरच्याला तो टोमणा वाटतो. आणि तो माणूस उतरून गेल्यावर ‘याचं भलं कर’ असं एकदा (लूक 6:28). हे पहिले काही दिवस दात-ओठ खात म्हटलं जाईल. तसं म्हटलेलंही चालतं.

वसई ते चर्चगेट, रोज उभ्याने. मोबाईलवर दर दोन तासांनी प्रार्थनेचा गजर लावला होता. आठवड्यात बंद केला. आजी दुपारी बाराची घंटा झाली की हातातलं काम टाकून उभी राहायची. ते आता कसं जमवायचं? — वसई

गजर फसणारच होता. तो तुमच्या कामाकडे न बघता वाजतो. मीटिंगमध्ये वाजला की तुम्ही तो घाईने बंद करता, आणि काही दिवसांनी अंगठ्याला न बघता बंद करायची सवय लागते. दुपारी बाराचा एकच ठेवा, आवाज न करता थरथरणारा, बाकीचे काढून टाका.

आजीची ती देवदूताची प्रार्थना. चर्चची घंटा तिच्यासाठी तीन, तीन, तीन अशी ठोक्यांनी आणि शेवटी सलग वाजते. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी. तिच्यात तीन लहान वचनं आहेत: देवदूताचा निरोप, ‘मी प्रभूची दासी’ हे मरियेचं उत्तर, आणि शब्द देही झाला हे योहानाचं वाक्य. प्रत्येकामागे एक ‘नमो मरिया’ (मरियेची छोटी प्रार्थना), शेवटी एक छोटी समारोपाची प्रार्थना. घाई न करता दोन-अडीच मिनिटं लागतात. ऑफिसात उभं राहून म्हणणं जमत नसेल तर जिन्यात जा, तेही नाही तर तीन वचनं बसल्या जागी मनात म्हणा. ईस्टरपासून पेन्टेकॉस्टपर्यंत (ईस्टरनंतरचा सातवा रविवार) तिच्या जागी स्वर्गाच्या राणीची प्रार्थना येते, हे विसरू नका. त्या दिवसांत पुष्कळ जण सवयीने नेहमीचीच म्हणत राहतात.

गाडीत तुम्हाला घड्याळाची गरजच नाही. नायगाव सुटलं की खाडीचा पूल लागतो. चाकांचा आवाज बदलतो, मोबाईलमध्ये डोकं घातलेल्यालाही तो कळतो. जाताना तिथे ‘देवा, माझ्या साहाय्याला धाव’, आणि संध्याकाळी परतताना त्याच पुलावर एम्माऊसच्या वाटेवरच्या दोघांचं ‘आमच्याजवळ राहा, संध्याकाळ होत आली’ (लूक 24:29). पुढे भाईंदर, मिरा रोड, दहिसर, बोरिवली. जिथे तुमच्या ओळखीचं कोणी राहतं त्या स्टेशनला त्या माणसाचं नाव घ्या. वेगळे शब्द लागत नाहीत. दारात लटकून डोळे मिटायचे नाहीत, हे सांगायला नको.

प्रार्थना नीट झाली नाही असं वाटतं म्हणून पुन्हा म्हणतो. मध्येच वाईट विचार आला की परत पहिल्यापासून. कधी दहा-बारा वेळा होतं, कामाला उशीर होतो. — कुडाळ

तुम्ही आजपासून प्रत्येक वाक्य एकदाच म्हणायचं. अडखळलं, चुकलं, मध्ये घाणेरडा विचार आला, तरी पुढे जायचं. पुन्हा म्हटल्याने मिळणारी शांती पाच मिनिटं टिकते आणि पुढच्या वेळी एकाऐवजी दोनदा म्हणायला लावते. हा त्रास वाढतो तो असाच. नको असलेला विचार येणं हे पाप नाही. तो घालवण्यासाठी प्रार्थना वापरली की तो अधिक येतो.

संत इग्नाती लोयोला यांना 1522 मध्ये स्पेनमधल्या मान्रेसा इथे असाच त्रास झाला होता. पुन्हा पुन्हा तीच पापं कबूल करत राहायचे. शेवटी मागचं काहीही परत कबूल करायचं नाही असं त्यांनी ठरवलं, तेव्हा सुटका झाली. तुम्ही एकाच फादरांकडे जा, त्यांना हे पत्र दाखवा आणि ते सांगतील तेवढंच करा. चार जणांना विचारलंत तर चार नियम होतील. रोज यात तास-दोन तास जात असतील, किंवा हात धुणं, कुलूप तपासणं असंही सुरू झालं असेल, तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार तज्ज्ञांना भेटा. यावर उपचार आहेत आणि त्यांचा गुण येतो. तोवर या लेखातल्या बाकीच्या सूचना तुमच्यासाठी नाहीत.

एका ओळीच्या प्रार्थना सुरू केल्यापासून सकाळची अर्ध्या तासाची प्रार्थना आणि बायबलवाचन सुटलं. चालेल ना? — सावंतवाडी

काही दिवस चालेल, मग आटेल. नहेम्याची गोष्ट वाचा. राजा अर्तहशश्त त्याला विचारतो, तुला काय हवं? आणि उत्तर देण्याआधी, राजासमोर उभ्या उभ्या, नहेम्या देवाची प्रार्थना करतो (नहेम्या 2:4). किती लांब असेल ती? राजाला कळलंही नसेल. पण त्याआधीचा अध्याय उलटा: किसलेव महिन्यापासून नीसानपर्यंत, सुमारे चार महिने, उपवास, रडणं आणि पापांची कबुली देणारी लांब प्रार्थना. राजापुढचा तो क्षण त्यावर उभा आहे.

अर्धा तास जड जात असेल तर दहा मिनिटांवर आणा, पण सोडू नका. रोज एक स्तोत्र पुरतं. त्यातलीच एखादी ओळ दिवसभरासाठी उचलली तर दोन्ही कामं जोडली जातात, आणि ओळ कुठून आली ते माहीत असल्याने ती पोकळ होत नाही.

वडील अंथरुणाला खिळून आहेत. रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. परत पडले की छातीत धडधड, झोप नाही. प्रार्थना आठवतच नाही. — दापोली

आठवायला लागू नये इतकंच ठेवा. उठताना ‘माझं साहाय्य परमेश्वराकडून’. त्या स्तोत्र 121 मध्येच पुढे आहे की इस्राएलचा राखणदार डुलकी घेत नाही आणि झोपतही नाही. पुन्हा पडताना ‘तुझ्या हाती’ (स्तोत्र 31:5). हे क्रुसावरचे शब्द आहेत आणि चर्चच्या झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेतही रोज येतात. धडधड होत असेल तर श्वास सोडण्याकडे लक्ष द्या: घेताना मनात तीनपर्यंत, सोडताना पाच-सहापर्यंत, आणि सोडतानाच ‘तुझ्या हाती’. पाच-सहा वेळा करा. गरगरलं तर थांबा, श्वास नेहमीसारखा चालू दे. धडधड वारंवार होऊ लागली, किंवा छातीत दुखलं, तर डॉक्टरांना दाखवा. ती नुसती काळजीची धडधड असेलच असं नाही.

वडिलांसाठी म्हणताना त्यांच्या उशाशी बसून, कानाजवळ, त्यांनी लहानपणी पाठ केलेल्या शब्दांतच म्हणा. वयस्कर माणसांच्या तोंडी प्रभूच्या प्रार्थनेचं जुनं भाषांतर असतं. तुम्ही नव्या पुस्तकातलं म्हणू लागलात तर त्यांची सांगड तुटते आणि ते गप्प होतात. अर्धं वाक्य म्हणून थांबा. पुष्कळदा उरलेलं ते पुरं करतात.

आणि ही ताकद एकट्याने आणायची नाही. आठवड्यातून दोन रात्री दुसऱ्या कोणाला तरी झोपायला बोलवा: भाऊ, चुलतभाऊ, चर्चमधलं कोणी. मागायला संकोच वाटत असेल तर पाळकांना किंवा फादरांना सांगा, ते व्यवस्था बघतील. दोन आठवडे धड झोप नसेल, सारखं रडू येत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. संदेष्टा एलीया थकून मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला आधी भाकर आणि पाणी दिलं आणि पुन्हा झोपू दिलं (1 राजे 19:5-6).

थोडक्यात

*मुलांना कोणती शिकवावी?* घरात बोलता तीच भाषा. ‘देवा, माका सांभाळ’ हे मालवणी वाक्य परीक्षेच्या हॉलमध्ये पुस्तकी वाक्याच्या आधी तोंडात येतं. चार वर्षांच्या पोराला एक वाक्य, शाळेच्या उंबरठ्यावर. त्याच्याकडून रोज म्हणवून घेऊ नका. तुम्ही म्हणा, ते ऐकतं.

*चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी तीस प्रार्थना येतात, सगळ्या वाचाव्यात का?* नाही. एकही नाही वाचली तरी चालेल.

*रोझरीची अंगठी मासळी कापताना घातली तर?* घालू नका. दातऱ्यांत खवलं आणि रक्त बसतं, हात ओला असल्याने ती बोटावर फिरते आणि विळीवर बोट सरकतं. रोझरीतल्या एका दशकाला, म्हणजे दहा ‘नमो मरियां’ना, दहा बोटं आहेतच. अंगठी डब्यात ठेवा, रविवारी मिस्साला घाला.